वाचणारीचा वाटा

आमचे बाबा मध्यप्रांताच्या कौन्सिलचे मेंबर होते, आणि हे ते घरात कुणालाही विसरू देत नसत. अधिवेशन नागपूरला भरायचं. त्यासाठी ते जबलपूरहून गोंदियाची छोटी गाडी पकडत. परत येत तेव्हा त्यांचा पांढरा साफा इंजिनाच्या धुराने काळवंडलेला असे आणि तो धुण्याचं काम आईच्या वाट्याला येई. प्रांताचं काय व्हायचं ते होवो, साफा मात्र दर अधिवेशनानंतर निळीत बुडायचा.

बाबा चांगले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगायची मला इच्छा राहील असं नाही. मोठ्या जमीनदारांसाठी किंवा ठेकेदारांसाठी ते कधी उभे राहिले नाहीत. बायकांच्या दवाखान्यात दाई का नाही, कुष्ठरोग्यांच्या वस्तीला विहीर का नाही, अनाथालयातल्या मुलांना थंडीत रजया का मिळत नाहीत, असले प्रश्न ते लावायचे. चेरीतालच्या आमच्या घराच्या ओसरीवर बसून आधी ते प्रश्न मोठ्याने म्हणून बघायचे. सरकारकडून छापील उत्तर येई की माहिती मागवली आहे. मग ते पुरवणी प्रश्न विचारत, कुणाकडून मागवली आहे. वरण अळणी झालं तर आई म्हणायची, माहिती मागवली आहे. त्यावर बाबाही हसायचे.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच विधवा झाली आणि आमच्याकडे राहायला आली. ती आमच्या घरापासून जवळच मुलींची प्राथमिक शाळा चालवत असे. एका कापडवाल्याच्या गोदामामागची लांबट खोली, पुढे थोडं अंगण, बस. शाळेला सरकारची मान्यता होती आणि थोडंफार अनुदान. आत्या सासरचं आडनाव लावायची, त्यामुळे ती बाबांची बहीण आहे हे नागपुरात कुणाला ठाऊक नव्हतं. बाबांनीही ते कधी सांगितलं नाही. घरचं माणूस सभागृहात आणायचं नाही, हा त्यांचा नियम होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

शाळेमागच्या गल्लीत घरोघरी बिड्या वळत. बायका आणि मुली सकाळपासून सूप मांडीवर घेऊन बसत. सुपात तेंदूची भिजवलेली पानं, तंबाखू आणि दोरा. संध्याकाळी सट्टेदार, म्हणजे कारखान्याचा मधला माणूस, वळलेल्या बिड्या घेऊन जाई आणि वाईट वाटतील त्या बाजूला काढून फेकी. त्या फेकलेल्यांचे पैसे नाहीत. अशा घरातली मुलगी शाळेत आली तर तिच्या वाट्याच्या बिड्या कोण वळणार? म्हणून त्या येत नसत. आत्या सुरुवातीला घरोघर जाऊन विद्येचं महत्त्व सांगत फिरली. बायका ऐकून घ्यायच्या, हात चालूच.

मग एक दिवस आत्या म्हणाली, सूप घेऊन या. आणि मुली आल्या. एवढंच.

मीही त्याच शाळेत होते, म्हणून सांगते, त्या खोलीत शिरलं की तंबाखूने नाक चुरचुरायचं. कुणी ना कुणी सारखं शिंकत असे, आणि दोघीतिघी कायम खोकत. मुलींच्या बोटांची टोकं पिवळी पडलेली. हे काही छान चित्र नव्हतं आणि आत्याने ते कधी छान म्हणून दाखवलंही नाही. आमच्या मराठी मंडळींत तिच्याबद्दल बोललं जायचं, की हिने शाळेचा कारखाना केला. ती म्हणायची, पोरी घरी बसल्या तरी तंबाखू नाकात जाणारच आहे, मग दोन अक्षरंही डोक्यात गेली तर काय बिघडलं.

हात कामात असले तरी कान मोकळे असतात, त्यावर ती शाळा चालायची. पाढे तोंडी, भूगोल तोंडी, कविता तोंडी. वाचनाच्या वेळी एक मुलगी सूप बाजूला ठेवून पुस्तक घेऊन उभी राही आणि बाकीच्या वळता वळता ऐकत. मग तिच्या बिड्यांचं काय? तर वाचन संपलं की प्रत्येकीने आपल्या सुपातली मूठभर बिडी तिच्या सुपात टाकायची. याला मुली ‘पढ़नेवाली का हिस्सा’ म्हणत. हे आत्याने सुरू केलं नव्हतं, मुलींनीच आपसांत ठरवलं होतं. ऐकणारीने वाचणारीचं काम करायचं. मीही एकदा वाटा मागितला तेव्हा सगळ्या हसल्या. माझ्याकडे सूपच नव्हतं. हट्टाने एकदा वळायलाही बसले, तर माझी बिडी बघून शेजारची म्हणाली की ही तर लौकी आहे, दुधी भोपळा.

वाचणाऱ्यांत एक मुलगी सगळ्यांच्या वरचढ होती. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, लांब हाताची, जरा पोक काढून चालणारी. ती वाचायला लागली की खोकणाऱ्याही खोकला दाबून धरायच्या. मी मेंबरची मुलगी, घरात पुस्तकांचं कपाट, आणि माझं वाचन ऐकताना मुली जांभया द्यायच्या. मला तिचा भयंकर हेवा वाटायचा.

ती चौथीत होती. आत्याने तिच्या बापाशी बोलणी करून ठेवली होती. बाप छातीने खंगलेला, घरी पडून. त्याला मझौलीकडून तिच्यासाठी एका बिजवराचं स्थळ आलेलं होतं. आत्याने सांगितलं, उन्हाळ्याच्या तोंडावर चौथीची परीक्षा होऊ द्या. ती पास झाली की मी तिला शिक्षिकांच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये घालते. तिथे दरमहा विद्यावेतन मिळतं, ते तुमच्याच हातात येईल. बाप थांबायला तयार झाला. परीक्षेपर्यंत, पुढे नाही. त्या थंडीत आत्याचं सगळं लक्ष त्या एका मुलीवर होतं. तिच्या गल्लीतून आजवर कुणी मास्तरीण झालेली नव्हती.

आता इन्स्पेक्ट्रेसबाईंचं सांगायला हवं. मुलींच्या शाळा तपासणाऱ्या या बाई टांग्यातून येत. येण्याच्या आदल्या दिवशी त्यांचा चपराशी काहीतरी निमित्त काढून शाळेवरून जाई. दुसऱ्या दिवशी मुली सुपं शेजारच्या घरी ठेवून यायच्या. बाई खोलीत यायच्या, शिंकायच्या, आणि हवा बदलल्याचं बोलायच्या. त्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांना माहीत आहे हे आत्याला माहीत होतं. त्यावर दोघी कधी अक्षर बोलल्या नाहीत. त्या न बोलण्यावरच शाळा उभी होती.

बाबांना यातली सुपं माहीत होती, मुलींचा वाटा माहीत होता. इन्स्पेक्ट्रेसबाईंचं शिंकणं मात्र माहीत नव्हतं. ते कुणी त्यांना सांगितलंच नाही, कारण सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं.

त्या अधिवेशनात बाबांनी ठराव मांडला होता. मजुरी करणाऱ्या मुलींसाठी शाळांच्या वेळा बदलाव्यात, त्यांना काम सांभाळून शिकता यावं. सरकारी बाकावरचे एक अधिकारी उठून म्हणाले की या वर्गाला मुली शिकवायच्याच नाहीत, वेळा कशाही ठेवा. बाबा चिडले. उभे राहून त्यांनी आत्याच्या शाळेचं वर्णन केलं. सुपं, पाढे, वाचणारी मुलगी, तिचा वाटा, सगळं. कुणीतरी विचारलं, ही शाळा खरोखर आहे की माननीय सदस्यांच्या कल्पनेत? आणि बाबांनी शाळेचं नाव सांगितलं. सभागृहात बिननावाच्या गोष्टीला किंमत नसते, असं ते नेहमी म्हणायचे. टाळ्या पडल्या.

ते परत आले त्या दुपारी स्टेशनवरून टांगा सरळ बड्या फुहाऱ्याच्या बाजारात नेऊन त्यांनी खव्याची जिलबी घेतली होती. साफा न काढताच आत्यापुढे द्रोण ठेवला आणि सगळं भाषण पुन्हा करून दाखवलं, अधिकाऱ्याच्या नकलेसकट. मी आणि आई हसत होतो. आत्या गहू निवडत होती. तिचा हात थांबला.

“सुपाचं सांगितलं?”

“त्यातच तर सगळं आलं, ताई.”

“आणि शाळेचं नाव?”

“सांगितलं ना. कौतुक करायचं तर भीत काहून करायचं?”

आत्याने द्रोण माझ्याकडे सरकवला. तिने जिलबीला हात लावला नाही. बाबांना वाटलं, उपास असेल.

नागपूरहून कागद खाली यायला थोडे दिवस लागले. मग इन्स्पेक्ट्रेसबाई आल्या, या खेपेला चपराशी न पाठवता. आम्ही वाचन ऐकत होतो. ती लांब हाताची मुलगी पुस्तक धरून उभी, बाकीच्यांच्या मांडीवर सुपं. बाई दारातच थांबल्या. त्या दिवशी त्या शिंकल्याही नाहीत. आत्याला अंगणात बोलावून त्या जे म्हणाल्या ते मी खिडकीतून ऐकलं.

“पहले मैं नहीं देखती थी तो चलता था. अब तो कौन्सिल ने देख लिया है, बहनजी. अब मुझे भी देखना पड़ेगा.”

त्यांचा आवाज भरून आला होता हे मला आठवतं. त्याचा उपयोग काहीच झाला नाही. मान्यताप्राप्त शाळेत मजुरी चालणार नाही, तंबाखू तर नाहीच, आणि ठरलेल्या संख्येइतक्या मुली हजर नसतील तर मान्यता जाईल, असा हुकूम आला. मान्यता गेली की परीक्षेला बसता येणार नव्हतं. आत्याने त्याच दिवशी सुपं बंद केली. दुसऱ्या दिवशी खोलीत मी होते, दोन दुकानदारांच्या मुली होत्या आणि ती वाचणारी होती. स्वच्छ हवा, कुणी खोकत नव्हतं. ती शांतता मला अजून सोसत नाही.

ती आली खरी, पण तिच्या घरी तिच्या बिड्यांची खोट येत होती. आता वाटा द्यायला कुणी नव्हतं. मग आत्याने जे केलं ते आमच्या नात्यातल्या कुणी ऐकलं असतं तर आमच्या घरी पाणी पिणं सोडलं असतं. तिने त्या मुलीचं सूप घरी आणलं. संध्याकाळी मागच्या पडवीत ती सोवळी बाई तेंदूची पानं मांडीवर घेऊन बसली आणि बिड्या वळायला लागली. तिच्या बिड्या माझ्याइतक्याच वाईट होत्या. सट्टेदाराने सगळ्या फेकल्या. तिने परत वळल्या, त्याने परत फेकल्या.

एकदा बाबा पडवीत आले आणि त्यांनी ते पाहिलं. आत्याने मान वर केली. मी दाराशी होते.

“तू मेंबर आहेस,” ती म्हणाली. “उभा राहा आणि विचार. ही शाळा काहून बंद करून राहिले, एवढंच विचार.”

बाबा पडवीच्या पायरीवर बसले. मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, कोर्टात अशिलाला सांगावं तसं. ठराव अजून मतदानाला यायचा आहे. आता या शाळेवर प्रश्न लावला तर चौकशी होईल, शाळा मेंबरच्या बहिणीची आहे हे बाहेर येईल. मग सगळं भाषण घरच्या फायद्यासाठी होतं असं म्हणतील आणि ठराव पडेल. ठराव झाला तर प्रांतातल्या सगळ्या मुलींचं भलं होईल. एका शाळेसाठी तो घालवायचा का?

“म्हणजे स्तुती करताना मी बहीण नव्हती,” आत्या म्हणाली. “आता आहे.”

बाबांचा हिशेब चुकीचा होता असं मला म्हणता येत नाही. तो मला तेव्हाही कळला आणि आजही कळतो, म्हणूनच राग येतो. साफ चुकलेल्या माणसाला निदान शिव्या तरी देता येतात. त्यांनी प्रश्न लावला नाही. हजेरी भरेना, मान्यता गेली, आणि परीक्षा तोंडावर आलेली असताना कापडवाल्याने खोलीत तागे भरले.

आत्या काही दिवस गल्लीत जाऊन बसायची. मुली दारात वळायच्या, ही त्यांच्या मधे दगडावर बसून वाचून दाखवायची. सट्टेदाराने एकदा ऐकलं. त्याने बायकांना सांगितलं की पढाई ऐकता ऐकता हात ढिले पडतात, अशी बिडी मी घेणार नाही. बायकांनी आत्याला हात जोडले, बहनजी, आप मत आइए. ती परत आली ती पुन्हा गेली नाही.

बाबांचा ठराव मात्र मंजूर झाला. बाबांनी नागपूरहून तार केली होती. ठराव म्हणजे सरकारला केलेली शिफारस, आणि सरकारने कळवलं की शिफारशीचा विचार केला जाईल. मला वाटतं अजून चालू असेल.

त्या मुलीचं लग्न चैत्रात झालं. बिजवर, मझौलीकडचा, पहिल्या बायकोची मुलं असलेला. आत्या मला घेऊन बिदाईला गेली होती. मुलीची बोटं मेंदीने लाल होती, टोकं मात्र पिवळीच. तिने वाकून आत्याच्या पायांना हात लावला आणि विचारलं, परीक्षा होऊन गेली का? आत्या हो म्हणाली. पेपर कसा होता म्हणून विचारलं, तर आत्या म्हणाली, सोपा होता. नंतर घरापर्यंत आत्या माझा मनगटाशी धरलेला हात सोडायला विसरली. मनगट दुखत होतं.

त्या दिवसापासून आत्या बाबांशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. त्यांचं ताट वाढायची, आजारपणात उशाशी बसायची, पण शब्द नाही. काही सांगायचं असलं तर मला म्हणायची, तुझ्या बापाला विचार, कढी घेणार का. बाबा समोरच असायचे. सुरुवातीला तेही मलाच उत्तर द्यायचे. पुढे माझं लग्न होऊन मी गावातल्या गावात सासरी गेले, तेव्हा त्या दोघांत बोलणं पोचवायला आई उरली, आणि आई गेल्यावर कुणीच उरलं नाही.

बाबा आणखी एकदा निवडून आले, मग पडले. सभांमध्ये ते सुपांच्या शाळेची गोष्ट सांगत राहिले. शेवटी म्हणायचे की अशाच शाळेतून त्या गल्लीची पहिली शिक्षिका निघणार होती. ‘होती’वर त्यांचा आवाज थोडा खाली यायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. आत्या सभांना जात नसे.

म्हातारपणी बाबांची नजर गेली. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकले, एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, दुसऱ्याचं त्यांनी करू दिलं नाही. वर्तमानपत्र हातात धरून बसायचे, नुसतं धरून. मी दुपारची जमेल तेव्हा जायचे आणि वाचून दाखवायचे. वाचन माझं तेव्हाही जांभया आणणारंच होतं.

एका माघाच्या दुपारी मी पोचले तर ओसरीवर आत्या वर्तमानपत्र घेऊन चष्मा पुसत बसलेली. बाबा तिच्या समोर, भिंतीला टेकून. मी पायरीवरच थांबले. आत्याने मटारच्या शेंगांची परडी उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. एका बाजूला दाण्यांसाठी पातेलं ठेवलं, दुसऱ्या बाजूला सालांसाठी सूप. त्यांचा हात धरून आधी पातेल्याला लावला, मग सुपाला.

“ऐकणाऱ्यानं वाचणारीचं काम करायचं असते,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांनी ती त्यांच्याशी हे पहिलं बोलली. बाबांचा हात सुपाच्या काठावर थोडा वेळ राहिला. मग त्यांनी शेंग घेतली आणि सोलायला लागले. आत्या वाचू लागली. नागपूरच्या असेंब्लीची बातमी होती, कुणीतरी शाळांबद्दल काही विचारलं होतं. तिचं वाचन चांगलं होतं. मी आत न जाता पायरीवर बसले.

बरंच वाचून झाल्यावर बाबांनी विचारलं, मटार कुठचा आहे. आत्या म्हणाली, भाजीवाली मझौलीचा म्हणते. त्यांनी हातातली शेंग बोटांत फिरवली.

“ताई, त्या पोरीला मझौलीलाच दिली होती ना? ती वाचायची ती?”

“हो.”

“कशी आहे?”

आत्याने वर्तमानपत्राची घडी केली. “दुसऱ्या बाळंतपणात गेली. लग्नाला पुरती तीन वर्षंही झाली नव्हती.”

मलाही हे माहीत नव्हतं. मी पायरीवरून उठले आणि तशीच उभी राहिले.

“मला काहून नाही सांगितलं?” बाबा म्हणाले.

“तू विचारलं नाहीस,” आत्या म्हणाली.

त्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. बाबांनी आयुष्यभर सरकारला एवढे प्रश्न विचारले होते, त्यांना यावर पुरवणी प्रश्न सुचला नाही. ते मान खाली घालून शेंगा सोलत राहिले. आत्याने चष्मा सारखा केला, घडी उघडली आणि राहिलेली बातमी वाचायला घेतली.

मी जवळ जाऊन पाहिलं. बाबा दाणे सुपात टाकत होते आणि सालं पातेल्यात. आत्यालाही ते दिसत होतं. तिने वाचणं थांबवलं नाही.